सुकतीला जाणारं चित्र

रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत, राजिवड्याच्या बाजूला बांधलेल्या एका मच्छीमार बोटीवर अष्टमीच्या दिवशी डीडी फ्री डिश बसवली. खलाशी बोटीवरच राहतात, संध्याकाळी बातम्या आणि क्रिकेट एवढीच त्यांची मागणी. डिश, एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) आणि बॉक्स मिळून १,८०० रुपये झाले, महिन्याचं भाडं नाही. हलत्या बोटीवर उपग्रहाचा आपोआप माग काढणारे डोम मिळतात, पण ते लाखाच्या पुढे जातात. बांधलेल्या बोटीला साधी डिश चालते, फक्त बोट स्थिर पाहिजे.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व. रत्नागिरीतून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर आहे. इतकं वर बघायचं असल्यामुळे शेजारच्या बोटींच्या काठ्या आड येत नाहीत. बोटीवर होकायंत्र इंजिनापासून आणि लोखंडापासून लांब धरावं, नाहीतर दहा-पंधरा अंशांनी फसवतं. बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाकून शोध घेतला. एलएनबी सरळ ठेवून भागत नाही. इथे तो पंचेचाळीस अंशांच्याही थोडा पुढे फिरवावा लागतो, तेव्हा सिग्नलची क्वालिटी चढते. त्या दिवशी क्वालिटी ७८ आली.

वीज इंजिन स्टार्ट करणाऱ्या बॅटरीवरून कधीच घ्यायची नाही. पहाटे इंजिन उठलं नाही तर धंदा बुडतो. १०० एएचची (अँपिअर-तासांची) वेगळी बॅटरी दिली, तिच्या टर्मिनलजवळच ५ अँपिअरचा फ्यूज. १२ व्होल्टचा २४ इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून ३ अँपिअर खातात, पाच तासांना १५ एएच. बॅटरीपासून केबिनपर्यंत १० मीटर, म्हणून वायर २.५ स्क्वेअर एमएम. पाऊण स्क्वेअर एमएमची बारीक वायर टाकली की जाऊन-येऊन दीड व्होल्ट वाटेतच जातो आणि बॉक्स सारखा रीस्टार्ट होतो.

पौर्णिमेला सकाळी तांडेलांचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, फोन आला. "भाऊ, दुपारनंतर चित्र जातंय. दोन-अडीच तासांनी आपोआप येतंय."

दुपारी जातं म्हटल्यावर पहिला संशय उन्हाने तापणाऱ्या एलएनबीवर. नवा एलएनबी घेऊन तीन वाजता बोटीवर पोचलो, बदलला, चित्र सुरूच होतं. पावणेपाचला गेलं. बॉक्सपाशी मीटर लावला, १२.२ व्होल्ट, म्हणजे वीज ठीक. स्क्रीनवर स्ट्रेंग्थ ८० आणि क्वालिटी शून्य. हे दोन आकडे नीट वाचायला हवेत. केबल तुटली किंवा एलएनबी मेला तर स्ट्रेंग्थही पडते. स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी नाही, म्हणजे सामान जिवंत आहे, पण डिश भलतीकडे बघते आहे. क्लॅम्प मात्र घट्ट होता, डिशवर मारलेली मार्करची खूण जागच्या जागी.

"काल किती वाजता गेलं होतं?"

"काल चारला. परवा सव्वातीनला."

रोज पाऊण तास पुढे. तांडेल माझ्याकडे न बघता काठाकडे बघत होते. "मग सुकतीच आहे ही," ते म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ. पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, साडेपाचची पूर्ण ओहोटी. डिश बसवली ती अष्टमीला, भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा. तेव्हा ओहोटीलाही बोट तरंगत होती. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ओहोटीला पाणी पार खाली जातं, बोट चिखलात बसते आणि कलते. मोबाइलवर कोन मोजणारं ॲप उघडून केबिनच्या फळीवर ठेवला: ६ अंश. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम ३ अंश रुंद, मध्यापासून दीड अंश सरकली की सिग्नल निम्म्यावर येतो. त्यात बोटीची उजवी कूस नेमकी आग्नेयेला, म्हणजे कललेला प्रत्येक अंश डिशच्या उंचीच्या कोनात पुरा उतरत होता. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जरा इकडेतिकडे वळली तर एवढं बिघडत नाही. डिश उंच बघत असल्याने दिशेतली चूक जवळपास निम्मीच लागते.

डिश धक्क्यावर लावून केबल बोटीत आणायचा विचार सोडून दिला. पाणी दोनेक मीटर वरखाली होतं, ढिली केबल दोन बोटींमध्ये चेंगरणारच.

मग डिश टांगली. केबिनच्या काठीला आडवा हात वेल्ड केला, त्याला गाडीच्या स्टिअरिंगचा जुना क्रॉस (सगळीकडे कलू देणारा सांधा), क्रॉसखाली सव्वा इंची स्टीलचा पाइप. पाइपला डिश, आणि क्रॉसपासून एक मीटर खाली वजन. बोट कलली तरी पाइप ओळंब्यासारखा उभा राहतो, आणि क्रॉसमुळे तो स्वतःभोवती फिरत नाही. क्रॉसमध्ये खेळ अजिबात नको, तो खेळ थेट दिशेत उतरतो. पाच किलोच्या वजनाने साध्या वाऱ्यालाही डिश झुलायची. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट-खडी ओतून १५ किलो केलं, तेव्हा थांबली. एक गोष्ट मी आधी चुकवली होती: डिशपासून बॉक्सपर्यंतची आरजी-६ केबल कडक असते, ताणून बांधली तर तीच पाइपला खेचून धरते. क्रॉसजवळ फूटभर व्यासाचा सैल वेढा सोडल्यावर पाइप मोकळा झाला. सगळं टांगून झाल्यावरच डिश पुन्हा उपग्रहाकडे लावायची, कारण डिशच्या एकतर्फी वजनाने पाइप थोडा तिरका होतो आणि तोच त्याचा कायमचा कोन.

कनेक्टरना पेट्रोलियम जेली लावून वर रबरी टेप गुंडाळला, खाऱ्या हवेत तांबं महिन्याभरात हिरवं पडतं. नटबोल्ट सगळे स्टेनलेस.

प्रतिपदेला संध्याकाळी सव्वासहाला बोट पुन्हा ६ अंश कलली होती. क्वालिटी ७१. शेजारून होडी गेली की लाटेने पाइप झुलतो आणि अर्धा मिनिट चित्र गोठतं, त्याला इलाज नाही. समुद्रावर निघताना डबा काढून खाली ठेवायचा आणि पाइप काठीला दोराने आवळायचा, हे खलाशांना दोनदा करून दाखवलं.