दोघंही मराठी, मग हिंदीत काहून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याला गेलो की हा प्रश्न ठरलेलाच: "तुम्ही नागपूरकर दोघंही मराठी असून आपसात हिंदी का बोलता?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो, थोडी कीव.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मी संत्रेवाल्याला विचारतो, "भाऊ, कैसे दिए?" तो हिंदीतच भाव सांगतो, मी हिंदीतच घासाघीस करतो. पिशवी भरता भरता तो मागच्या पोरावर खेकसतो, "काय पाहून राहिला बे, वजन कर!" तेव्हा कळतं, गडी मराठी आहे. तरी सुटे पैसे मी हिंदीतच मागतो. जिभेला वळणच तसं.

गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेलं हे गाव पुढे भोसल्यांचं झालं, मग इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी. 1956 पर्यंत तर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. हे सांगितलं की पुणेकर दचकतो. इतवारीत मारवाडी पेढ्या, मोमीनपुऱ्यात विणकर, जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी. समोरचा कोण, हे ओळखत बसण्यापेक्षा हिंदी सोपी पडते. त्यात आळसही आहे, नाकारत नाही.

"म्हणजे नागपूर सगळ्यांना सामावून घेतं तर!" असं कोणी खूश होऊन म्हटलं, की मात्र मी अडखळतो.

दसऱ्याला रेशीमबागेत संघाचा उत्सव असतो आणि काही किलोमीटरवर दीक्षाभूमीला निळा सागर लोटतो. बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती 1956 ची 14 ऑक्टोबरही दसऱ्याचीच होती. राष्ट्र एक कशाने होतं, याची दोन उत्तरं एकाच गावात, एकाच दिवशी. माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या गर्दीतला. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटलं होतं. हे वाक्य मला भाषणात नाही, एका जिन्यात आठवलं.

ऑफिसातल्या एका मुलीसाठी खोली पाहायला गेलो होतो. घरमालक काका मोठे गोड. चहा झाला, नळाच्या वेळा सांगून झाल्या, सगळं अस्सल मराठीत. मग म्हणाले, "पूर्ण नाव काय म्हणालीस, बेटा?" तिने सांगितलं. काका जरा थांबले. "मुलाला विचारून कळवतो."

जिना उतरताना ती म्हणाली, "चला सर, दुसरी पाहू." आवाजात काहीच नव्हतं, इतकी सवय.

पंधरा दिवसांनी त्याच गल्लीतून गेलो. फाटकावरची पाटी तशीच होती. वर "किरायाने देणे आहे", खाली "किराये से देना है".