कुडलच्या तुळईवर आडवा उजेड

फ्रेंच गुहाशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांचा जन्म १ जुलै १८५९ चा. यंदा तो दिवस मी सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलला घालवायचा ठरवला. आपला सोलापूरचा दगड काळा बेसॉल्ट, पाण्यात विरघळत नाही, म्हणून फ्रान्ससारख्या चुनखडीच्या गुहा इथे नाहीत. काळोख मात्र कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात भरपूर आहे.

सकाळ सिद्धेश्वर तलावाकाठी गेली. मग विजापूर रस्ता, मंद्रूप, आणि भीमा-सीनेचा संगम.

मार्तेल पॅरिसचे वकील. १८८९ साली दोरीच्या शिड्या आणि घडीची कॅनव्हासची होडी घेऊन ते फ्रान्समधल्या पादिराकच्या विवरात उतरले. १८९५ साली इंग्लंडमधल्या गेपिंग गिल या विवरात शंभरेक मीटर खाली गेले, तेव्हा वर बोलायला टेलिफोनची तार सोबत होती. मला त्यांचं १९०३ चं काम सर्वांत जवळचं वाटतं : भूमिगत छायाचित्रणावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा उजेडासाठी मॅग्नेशियम जाळायचे. त्याचा पांढरा धूर गुहेच्या स्थिर हवेत तरंगत राहतो, आणि धूर बसेपर्यंत दुसरा फोटो नाही.

आता धूर नाही, फ्लॅश आहे, आणि फ्लॅशनेच घोळ होतो. देवळाच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. जो वाचील तो विजयी होईल, असं त्यात म्हटलंय. लोक येतात, मोबाइलचा फ्लॅश समोरून मारतात, नुसत्या पांढऱ्या दगडाचा फोटो घेऊन जातात. अक्षर दिसत नाही, कारण कोरलेल्या खोबणीत सावलीच पडत नाही.

उजेड बाजूने हवा. पुजारीकाकांनी ट्यूब बंद करू दिली. तिवईवर कॅमेरा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सचं छिद्र), शटर ३० सेकंद, २ सेकंदांचा टायमर. आधी टॉर्च मारून अक्षरांवर फोकस करायचा, मग तो मॅन्युअलला अडकवायचा, नाहीतर अंधारात लेन्स भटकत राहते. टॉर्च काठीला बांधून दीडेक मीटर दूर धरायचा, दगडाशी जेमतेम १० ते १५ अंशांत, आणि सावकाश हलवत ठेवायचा. थांबला की तिथे पांढरा डाग पडतो.

डावीकडून उजेड दिला, तर काने उठले, शिरोरेषा मात्र गायब! उजेड रेघेच्याच दिशेने गेला तर ती रेघ मरते. म्हणून दुसरा फोटो खालून उजेड देऊन काढला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर अक्षरं सलग वाचता येतात. तुळईखाली उभा राहून स्क्रीनवर हजार वर्षांपूर्वीची मराठी ओळ उठताना पाहिली आणि बराच वेळ तिथून हलवेना.

एसी गाडीतून थेट दमट गाभाऱ्यात कॅमेरा काढलात तर लेन्सवर वाफ धरते. पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या. आणि अक्षरं उठावीत म्हणून खडू, हळद, तेल यांतलं काही दगडाला लावू नका. सच्छिद्र बेसॉल्टमध्ये ते मुरतं, परत निघत नाही. हे करणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो.

बाहेर ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. त्या चेहऱ्यांना कलत्या उन्हाचा आडवा उजेड आयता मिळतो. टॉर्च लागत नाही. साडेपाच वाजता ढग फाटले आणि एकेका चेहऱ्याचं नाक-डोळं वेगळं झालं.