अक्षराप्रमाणे की तारखेप्रमाणे

तान्या साविचेव्हा या रशियन मुलीच्या वहीतली नऊ पानं फलकावर तारखेनं लावायची की अक्षरानं, एवढंच ताईंनी विचारलं होतं. फलक छपाईला जायचा आहे. तारखेनं लावा, सगळे तसंच लावतात, असं सांगून टाकलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण सांगवलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

तान्याची वही म्हणतात, पण ती मुळात तिच्या थोरल्या बहिणीची, निनाची. निना नेव्स्की कारखान्यात आराखडे काढायची. बॉयलरच्या भागांची टिपणं तिनं वहीच्या एका अर्ध्यात लिहून ठेवली होती. दुसरा अर्धा भाग अक्षरवार पानांचा, पत्ते लिहायचा असतो तसा. तो कोरा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्यातल्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीनं त्या कोऱ्या भागात निळ्या पेन्सिलीनं नऊ पानं लिहिली. वही आता त्याच शहराच्या इतिहास संग्रहालयात आहे.

तारखेनं वाचलं तर क्रम असा: थोरली बहीण झेन्या, २८ डिसेंबर १९४१, बारा वाजता. आजी, २५ जानेवारी १९४२, दुपारी तीन. भाऊ ल्योका, १७ मार्च, पहाटे पाच. वास्याकाका, १३ एप्रिल, रात्री दोन. ल्योशाकाका, १० मे, दुपारी चार. आई, १३ मे, सकाळी साडेसात. मग तारीख नसलेली तीन पानं: साविचेव्ह कुटुंब मेलं, सगळे मेले, एकटी तान्या उरली. फलकांवर, पुस्तकांत, शाळेच्या कार्यक्रमांत सगळीकडे हाच क्रम असतो आणि शेवटच्या वाक्यावर सगळे थांबतात.

वहीत मात्र तसं नाही. तिनं प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या अक्षराखाली, रशियन वर्णक्रमानं घातली. आजी म्हणजे बाबुश्का, म्हणून ती ‘ब’च्या पानावर, सगळ्यांच्या आधी. मग ‘व’वर वास्याकाका. पहिली गेलेली झेन्या त्यांच्यानंतर. ‘ल’ला ल्योका आणि ल्योशाकाका. ‘म’ला मामा, म्हणजे आई. त्याच्यापुढे ‘ओ’ लागतो आणि एकटी उरल्याचं वाक्य त्या अक्षरानं सुरू होतं, म्हणून ते तिथं. कुटुंब मेल्याची नोंद ‘स’वर. सगळे मेल्याची ‘उ’वर, सर्वांत शेवटी. म्हणजे वही पहिल्यापासून उलटत गेलं तर एकटी तान्या आधी भेटते आणि सगळे मेल्याचं नंतर कळतं.

हा क्रम तिनं मुद्दाम योजला, असं म्हणणं नाही. अक्षरवार वही हाताशी होती आणि नीट वळण लागलेली मुलगी योग्य अक्षरच शोधणार. पण हे अक्षर शोधणंच मनातून जात नाही. आई सकाळी गेली आणि मुलीनं वही काढून ‘म’चं पान उघडलं. कधी उघडलं, त्याच दिवशी की नंतर, ते वहीत नाही. आपण पानं सुटी करून तारखेच्या दोरीत ओवतो तेव्हा नेमकं तेच पुसलं जातं. तारखा तर तिनं लिहूनच ठेवल्यात, त्या कुठं जात नाहीत. पानाची जागा एकदा हलवली की पाहणाऱ्याला ती कळायला मार्ग नाही.

आणखीही आहे. पहिल्या चार नोंदींत ‘मेली’, ‘मेला’ असं क्रियापद आहे. ल्योशाकाकांच्या आणि आईच्या नोंदीत नाही. नुसतं कोण, कधी, किती वाजता. निनाच्या अक्षराला नोंदच नाही. निना फेब्रुवारी १९४२च्या अखेरीस कारखान्याबरोबर अचानक वेढ्याबाहेर, लाडोगा सरोवरापलीकडे गेली. घरी काही कळलं नाही, घरच्यांनी ती मेलीच असं धरलं. तिचा दिवस आणि वेळ माहीत नव्हती, म्हणून लिहिलं नसेल का? निना जिवंत होती, भाऊ मिशाही जिवंत होता. ‘सगळे मेले’ हे पान चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचं लिहिणारीला कधी समजलं नाही. तान्या १ जुलै १९४४ला, लेनिनग्राडपासून दूर, शात्की गावच्या इस्पितळात वारली, साडेचौदा वर्षांची.

तिची खरी रोजनिशी वेगळी होती. जाड वही. सरपण संपलं तेव्हा ती चुलीत गेली. त्या वहीचा विचार आला की पुढचं सुचत नाही. त्यात काय असणार, शाळा, मैत्रिणी, नव्या वर्षाचं झाड, कुणाशी तरी अबोला. म्हणजे जपायची ती वही जळाली आणि मरणाची यादी तेवढी उरली. त्याच शहरातल्या लेना मुखिनाची रोजनिशी वाचताना हे जास्त टोचतं. ती मे १९४१मध्ये परीक्षेच्या धास्तीनं आणि वर्गातल्या एका मुलाच्या विचारानं सुरू होते आणि वर्षभरात भाकरीच्या तुकड्यांच्या हिशेबावर येते. नोव्हेंबर १९४१च्या अखेरीस कमावत्या नसलेल्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. लेनाची वही शहरातल्या दप्तरखान्यात पडून होती, २०११मध्ये छापली गेली. परीक्षेची पानं आहेत म्हणून उपासमारीची पानं कळतात. तान्याच्या बाबतीत आधीची पानंच नाहीत.

आजीच्या नोंदीपाशी तर प्रत्येक स्थानिक संग्रहानं थांबायला हवं. तान्याचा बारावा वाढदिवस २३ जानेवारीचा, आजी गेली २५ला. सरकारी दाखल्यावर तारीख १ फेब्रुवारी आहे. महिनाअखेरपर्यंत आपलं शिधापत्रक वापरता यावं म्हणून आपली नोंद लांबवा, असं आजीनंच सांगून ठेवलं होतं. शिक्क्याचा कागद खोटा आणि पोरीची पेन्सिल खरी. तरीही आपल्याकडे संग्रहात आलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत शाळकरी मुलीच्या वहीपुढे ‘इतर’ लिहून लोक मोकळे होतात. एखाद्या वकिलाची खर्चाची डायरी आली की तिच्यापुढे चार ओळींचं वर्णन असतं. याचं वाईट वाटतं, खूप वाटतं, आणि ते कुणाला सांगायला गेलं की समोरचा घड्याळ बघतो.

असो. फलकापुरतं ठरवलंय ते असं: नऊ चौकटी वहीच्या क्रमानं, प्रत्येकीच्या कोपऱ्यात ते अक्षर, खाली बारीक टाइपात तारखांची ओळ. ज्याला तारखेनं वाचायचंय तो वाचेल, आणि बहुतेक जण तसंच वाचतील. दुःख घडलं त्याच क्रमानं कळावं असं माणसाला वाटतं, त्यात त्याचं काही चुकत नाही. सुरुवातीला निनाच्या टिपणांबद्दल दोन ओळी मात्र हव्यातच. वही कुणाची होती हे त्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या पेट्यांतल्या वह्यांनाही हेच लागू आहे. मुली वही दोन्ही टोकांनी लिहितात. पुढून गणित किंवा निबंध, उलटी करून मागून मनातलं. क्रमांक घालताना मागची बाजू ‘उलट १, उलट २’ अशी वेगळी मोजायची, सलग ओढायची नाही. क्रमांक मऊ पेन्सिलीनं, २बी चालते, पानाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात. पेन कधीच नाही. कोरी पानंही मोजायची आणि स्कॅनही करायची, ३०० ते ४०० डीपीआयवर, शेजारी मोजपट्टी ठेवून. कोरं पान वगळलं की सहा महिन्यांनी कुणाला तरी वाटतं पान फाडलं गेलंय. मधे बसचं तिकीट, राखीचा गोंडा, दाबलेलं फूल निघालं तर काढण्याआधी ‘पान १४ व १५ यांमध्ये’ असं टिपून घ्यावं. मग ते आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळून वहीच्याच पेटीत ठेवावं. फुलातला ओलावा आणि रंग कागदात उतरतो, म्हणून ते वहीत परत घालू नये.

स्टेपलरची गंजलेली पिन ओढून काढली की कागदाचा तुकडा घेऊनच येते. पिनेखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची, मागचे दोन पाय चपट्या पात्यानं एकेक करून सरळ करायचे आणि मगच पिन पुढून उचलायची. वह्यांना घातलेली प्लॅस्टिकची कव्हरं आधी काढावीत. ती मऊ राहावीत म्हणून घातलेलं द्रव्य झिरपतं आणि बॉलपेनचं लिखाण कव्हरला चिकटून निघतं. खाकी कागदाचं कव्हर मात्र ठेवायचं, कारण नाव, इयत्ता, तुकडी आणि शाळा त्याच्यावरच्या चिठ्ठीत असते. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात शिरतो, आणि लॅमिनेशन कागदाला इजा न करता पुन्हा सुटत नाही.

पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. ४५ ते ५५मध्ये ठेवता आली तर उत्तम. कोकणात ते यंत्राशिवाय जमत नाही. मग निदान भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वर, आणि लोखंडी कपाटाचं दार उघडिपीच्या दिवशी उघडं. कसर खळीवर जगते, म्हणून पुठ्ठ्याची शिवण आधी तपासावी. प्रदर्शनात मूळ वही ठेवायचीच असेल तर प्रकाश ५० लक्सच्या आत आणि दर तीन महिन्यांनी पान बदलायचं. फाउंटन पेनची निळी शाई उजेडानं उडते आणि परत येत नाही.

सालाचं कोडं बहुतेक वह्यांत असतंच. मुली ‘सोमवार, १५ ऑगस्ट’ लिहितात, वर्ष लिहीत नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत हे १९४९, १९५५, १९६० आणि १९६६ यांतच बसतं. मग आसपासचा सण पाहायचा. नागपंचमी कोणत्या तारखेला लिहिली आहे ते जुन्या पंचांगाशी ताडलं की एकच वर्ष उरतं. शेंगदाणे दोन आण्यांचे असतील तर बहुधा १९५७च्या एप्रिलच्या आधीचं. ‘बहुधा’ म्हणायचं, कारण नवे पैसे आल्यावरही माणसं आण्यातच बोलत होती.

आणि नाव. वही नातवानं आणून दिली की नोंद नातवाच्या नावानं होते, फार तर आजीच्या सासरच्या नावानं. लिहिताना ती मुलगी त्या नावाची नव्हतीच. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललं. तेव्हा नोंदीत चार रकाने हवेत: वहीवरचं नाव जसंच्या तसं, माहेरचं पूर्ण नाव, सासरचं नाव, आणि देणाऱ्याचं नाव वेगळं. शोधसूचीत पहिलं नाव वहीवरचं. लिहिणारी हयात असेल तर स्कॅन करण्याआधी तिच्याशी बोलायचं, नातवाच्या सहीवर काम भागवायचं नाही. कोणती पानं मिटलेली राहावीत आणि किती वर्षं, हे तिनं सांगायचं आणि तिच्या शब्दांत पेटीवर लिहायचं.