पाय कशावर टेकतात? : आमची वाटचाल

कर्वेनगरमधल्या माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये २०१२ च्या पावसाळ्यात एक मुलगी सहा महिन्यांत तिसऱ्यांदा मान धरून आली. आठ-दहा सिटिंग व्हायची, मान मोकळी व्हायची, महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. व्यायामाची टाळाटाळ करणाऱ्यातली ती नव्हती. शेवटी मीच वैतागून विचारलं, "तू ऑफिसात बसतेस तरी कशी गं?" तिने बसून दाखवलं, शाळेतल्या तक्त्यावरच्या चित्रासारखं ताठ. आता माझ्यासमोर माणूस जसा बसतो तसाच तो कामावर बसत असता, तर माझा निम्मा धंदा बंद पडला असता.

तिच्या साहेबांची परवानगी काढून एका बुधवारी मी हिंजवडीला गेले. गेटवर अर्धा तास गेला. पर्समधली शिवणकामाची मोजपट्टी बघून सिक्युरिटीवाल्या दादांनी विचारलं, "मॅडम, युनिफॉर्मची मापं घ्यायला आलाय का?"

जागेवर गेल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. मुलीची उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच. टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर पक्कं बसवलेलं. तिच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं माप चपलेसकट ३९, आणि बैठकीपासून कोपर २१ सेंटिमीटर वर. बेरीज करा. तिच्यासाठी टेबल हवं होतं साठीच्या आसपास. मिळालं होतं पंच्याहत्तर. पाय टेकावेत म्हणून खुर्ची खाली घेतली की टेबल छातीशी यायचं आणि खांदे उचलून टायपिंग करावं लागायचं. कोपरं टेबलाला लागावीत म्हणून खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळायचे. मग ती पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसायची आणि चवड्यांवर तोल सांभाळायची, नाहीतर सरळ चपला काढून मांडी घालायची. कसंही बसली तरी पाठ टेकत नव्हती, आणि पाठ सुटली की मान पुढे जाते. मी सहा महिने मानेला शेक देत होते.

प्रिंटरशेजारी ए-फोर कागदाचा गठ्ठा होता. पाचशे कागदांचं एक रीम साधारण पाच सेंटिमीटर जाड भरतं. तीन रीम एकावर एक ठेवून खाकी टेपने गुंडाळले, तिच्या पायाखाली सरकवले आणि खुर्ची वर घेतली. तिने पाठ मागे टेकली आणि म्हणाली, "अय्या, या खुर्चीला पाठ आहे!" दोन वर्षं ती त्याच खुर्चीवर बसत होती.

त्या कागदाच्या गठ्ठ्यावरून २०१३ मध्ये आमची फर्म सुरू झाली. मी आणि माझी वर्गमैत्रीण, भागीदारीत. भांडवल म्हणजे दोन मोजपट्ट्या, उजेड मोजायचं एक लक्समीटर आणि तिची स्कूटर. काम एकच. संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या जागेवर जायचं, माणूस आणि टेबल-खुर्ची दोन्ही मोजायचं आणि काय बदलायचं ते लिहून द्यायचं.

हे काम आहे हेच कोणाला पटवता येईना. एचआरवाले चहा पाजायचे आणि म्हणायचे, "त्यापेक्षा तासाभराचं सेशन घ्या ना, शंभर जण बसवतो. शेवटी थोडा योगा पण घ्याल का?" पहिली दोन वर्षं आमचं भाडं निघालं ते आठ मार्चच्या भाषणांवर. महिला दिनाला सगळ्या कंपन्यांना एकाच दिवशी पाठीची आठवण व्हायची. त्या सभागृहातल्या खुर्च्या असायच्या इतक्या खोल, की पुढच्या रांगेतल्या बायकांची पाठ टेकत नव्हती आणि मी मात्र माइकवरून सांगत होते, "पाठ टेकून बसा."

चूक सांगितल्याशिवाय वाटचाल पुरी व्हायची नाही. २०१४ मध्ये लक्ष्मी रोडवरच्या एका सीएंच्या ऑफिसचं काम मिळालं, बावीस जागा. पुस्तकात सरळ लिहिलेलं असतं, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. आम्ही उत्साहाने सगळे मॉनिटर जुन्या टॅक्स डायऱ्यांवर चढवले, फोटो काढले, बिल लावलं. तीन आठवड्यांनी फोन आला. तिथले सगळ्यात जुने अकाउंटंट काका मान आखडून घरी बसले होते, तेही ऐन सप्टेंबरात, ऑडिटच्या धामधुमीत.

मी धावत गेले. काका पट्टा लावून कामावर आले होते. "ताई, तुम्ही येण्याआधी बरं होतं हो," एवढंच म्हणाले. मी बाजूला स्टूल टाकून बसले आणि वीस मिनिटं नुसती बघत राहिले. काकांचा चष्मा बायफोकल. वाचायची काच खालच्या बाजूला. आम्ही मॉनिटर वर नेला होता, त्यामुळे खालच्या काचेतून तो दिसावा म्हणून ते हनुवटी वर करून, मान मागे टाकून आकडे वाचत होते. दिवसाचे आठ तास. पत्रा ठोकणाऱ्याने वर बघत काम करावं तसं.

डायऱ्या काढल्या, मॉनिटर अगदी टेबलाला टेकवला, किंचित मागे कलता केला. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यायला सांगितलं. वाचायचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरसाठी काढलेला असतो आणि मॉनिटर असतो हातभर लांब, ६० ते ७०वर. काका आठवड्याभरात सावरले. आम्ही बिल परत घेतलं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर उंचीच्याही आधी पहिला रकाना असतो : चष्मा कोणता? प्रोग्रेसिव्ह (मधे रेघ नसलेला, वरून खाली नंबर बदलत जाणारा) असेल तर लाल खूण.

पुढचं वळण २०१६ चं. एका ब्रिटिश कंपनीच्या पुण्यातल्या बॅक ऑफिसने बोलावलं. ब्रिटनमध्ये पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत. १९९० च्या युरोपीय निर्देशावरून १९९२ साली केले आणि १ जानेवारी १९९३ पासून लागू झाले. रोज सलग तासभर किंवा जास्त वेळ पडद्यासमोर बसणारा कर्मचारी असेल तर मालकाने त्याची जागा तपासायची आणि दोष दूर करायचे. कर्मचाऱ्याने मागितली तर डोळ्यांची तपासणीही मालकाच्याच खर्चाने. आपल्याकडे कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत १९४८ चा कायदा होता. ऑफिसांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागतो. त्यात स्वच्छता, उजेड, हवा सगळं आहे, पण संगणकाच्या टेबलाची उंची कोणी विचारत नाही. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक ग्राहक येतो तो एकतर लंडनहून ईमेल आली म्हणून, किंवा साहेबांची स्वतःची पाठ धरली म्हणून. दुसऱ्या प्रकारचा ग्राहक पैसे लवकर देतो.

तर त्या ऑफिसात मुख्य कचेरीची प्रश्नावली आधीच फिरली होती. प्रत्येकाने स्वतःच भरायची. मी गठ्ठा चाळला. जवळजवळ सगळ्यांनी सगळीकडे 'होय' केलेलं. खुर्ची आरामदायी आहे का, होय. पडद्यावर चकाकी नाही ना, होय. (या प्रश्नाला 'होय' म्हणजे चकाकी आहे की नाही, हे लंडनलाच ठाऊक.) लोकांना वाटलं होतं हे अप्रेझलला जोडलेलं असणार, 'नाही' लिहिलं तर मॅनेजर बोलावून घेईल. एका मुलीच्या जागेवर जाऊन विचारलं, "पाय टेकतात का म्हणून लिहिलंयस, होय. दाखव बरं." तिने खाली बोट केलं. पाय खुर्चीच्याच चाकांच्या दांड्यांवर ठेवलेले, टाचा हवेत. "टेकतात की, मॅडम."

खोटं काहीच नव्हतं त्यात. त्या रात्री आम्ही दोघींनी सगळी प्रश्नावली मराठी आणि हिंदीत नव्याने लिहिली आणि होय-नाहीचे प्रश्न जमतील तेवढे काढून टाकले. पाय कशावर टेकतात? माउस कीबोर्डच्याच पातळीला आहे की वर? टेबलाखाली काय काय ठेवलंय? या शेवटच्या प्रश्नाला येणारी उत्तरं मी जपून ठेवली आहेत : सीपीयू, यूपीएस, कचरापेटी, हेल्मेट, डबा, दिवाळीचा गिफ्ट बॉक्स, एकदा तर पंचवीस किलोचा तांदूळ. पाय ठेवायला जागाच नसेल तर पंचाहत्तर हजारांची खुर्ची आणून करायचं काय?

खुर्च्यांवरून आठवलं. एका फर्निचर विक्रेत्याने आम्हाला टक्केवारी देऊ केली होती. आमच्या रिपोर्टात त्यांचं मॉडेल लिहायचं, खुर्चीमागे ठरलेली रक्कम. मैत्रीण आणि मी यावरून दोन दिवस बोललो नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा खात्यात दोन महिन्यांच्या पगाराइतकेच पैसे होते. आम्ही नाही म्हटलं. ते साधुसंत म्हणून नव्हे. टक्केवारी घेतली की मोजपट्टी खुर्चीकडेच वळणार, हे आम्हाला आमचंच ठाऊक होतं. वर असं, की आमचा रिपोर्ट घेतलेल्या दुसऱ्या एका कंपनीने तो बाजूला ठेवून सगळ्यांना एकाच मापाच्या दोनशे खुर्च्या घेतल्या, आणि आमचं बिल सात महिन्यांनी दिलं. छोट्या उद्योगाचं देणं ४५ दिवसांत द्यावं असा कायदा २००६ पासून आहे. त्याचं नाव काढलं की पुढचं काम मिळत नाही, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

मापांचं म्हणाल तर अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने १९९७ मध्ये भारतीय माणसांच्या शरीराची मापं छापून ठेवली आहेत, देबकुमार चक्रवर्तींनी केलेलं काम. आमच्या टेबलावर ती प्रत कायम उघडी असते. कंपन्यांना मात्र गुण लागतात, म्हणून रोझा नावाची पद्धत वापरतो. खुर्ची, पडदा, फोन, माउस, कीबोर्ड सगळं धरून दहापैकी आकडा निघतो, आणि पाच किंवा वर गेला की लवकर काहीतरी करा असा अर्थ. एचआरला तो आकडा आवडतो, लाल-हिरवा करता येतो. मला स्वतःला वीस मिनिटं स्टुलावर बसून बघितलं की जास्त कळतं.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्यांकडे हेच झालं. मराठी ऑपरेटर, रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या अक्षरमांडणीच्या कीबोर्डवर बोटं वाऱ्यासारखी, पण डाव्या हाताची करंगळी सुजलेली. खुर्ची ठीक, टेबल ठीक, आकडा हिरवा. बघत बसल्यावर दिसलं, रेमिंग्टनमध्ये शिफ्ट सारखं दाबावं लागतं आणि हा गडी सगळ्या शिफ्ट एकाच डाव्या करंगळीने मारत होता. टायपिंग क्लासला गेलेला माणूस उजव्या हाताच्या अक्षरांना डावं शिफ्ट आणि डाव्या हाताच्या अक्षरांना उजवं वापरतो. हा घरीच शिकलेला. दोन महिने सराव केला, वेग कमी झाला म्हणून शिव्याही घातल्या मला, पण करंगळीची सूज उतरली. बोटांना रात्री मुंग्या येतात, वस्तू हातातून पडतात, असं कोणी सांगितलं तर मात्र आम्ही कीबोर्डला हात न लावता आधी डॉक्टरांकडे पाठवतो.

मार्च २०२० मध्ये सगळी ऑफिसं बंद झाली आणि आम्हाला वाटलं, संपलं. झालं उलटंच. एप्रिल संपेस्तोवर लोक पलंगावर, दिवाणावर, डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन कामाला लागले आणि आमचे फोन सुरू झाले. व्हिडिओ कॉलवर असेसमेंट करायचं तर कॅमेऱ्यात नुसता चेहरा दिसतो. म्हणून अट घातली, घरातल्या कोणीतरी दुसरा मोबाइल धरून बाजूने दाखवायचं. हे काम बहुतेक घरांत सासूबाईंकडे गेलं आणि आम्हाला फुकटात सहायक मिळाल्या. "आत्ता तुम्ही बघताय म्हणून ताठ बसलीय, एरवी अशी असते," असं म्हणून एका आजींनी स्वतः वाकून दाखवलं.

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे एकाची उंची बरोबर केली की दुसऱ्याची बिघडते. वेगळा कीबोर्ड मागवा म्हणायचं तर दुकानं बंद. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर चढवून ऑफिसचा जुना कीबोर्ड जोडणं, इस्त्रीचं टेबल उंच करून तासभर उभ्याने काम करणं, हे सगळं त्याच दिवसांतलं. आणि पायाखाली पाट! जेवायला बसायचा तोच लाकडी पाट. कमी पडला तर दोन. कागदाच्या रीमपेक्षा कितीतरी मजबूत आणि घरोघरी माळ्यावर पडलेला. ऑफिसं उघडल्यावर आम्ही टिंबर मार्केटमधल्या एका सुतारकाकांकडून त्याच धर्तीचे, पुढच्या बाजूला थोडा उतार आणि वर रबर लावलेले पाट करून घेतले. पाच, दहा आणि पंधरा सेंटिमीटर. आम्ही विकतो ती वस्तू ही एवढी एकच, आणि तीही सुतारकाकांच्या बिलावरच जाते.

आज आम्ही सहा जणी आहोत. मैत्रीण आता नाशिकचं बघते. पुढच्या मंगळवारी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत जायचंय, चौदा काउंटर. फोटो आलेत : ग्राहकाला उभ्याने बोलता यावं म्हणून काउंटर उंच, आत उंच स्टुलावर कॅशियर, मॉनिटर काचेआड कोपऱ्यात तिरका आणि मॅनेजर साहेबांच्या खुर्चीवर टर्किश टॉवेल. (टॉवेलला हात लावायचा नाही, हे मी नव्या मुलींना आधीच सांगते.) चौदापैकी नऊ जणी पाच फुटांच्या आत आहेत. शाखाधिकाऱ्यांना फोनवर सगळं समजावून सांगितलं, मापं, चष्मे, उजेड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं करू, ताई. पाटांचं तेवढं आधी कळवा. आमच्या गावात सुतार एकच आहे आणि त्याच्याकडे लग्नसराईचं काम लागलंय."