सरांनी दिलेला खांदा

स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर सरच उभे राहिले. आपले भूगोलाचे सर. आमच्या बॅचमध्ये नुसतं ‘सर’ म्हटलं की तेच.

१९८९च्या नाताळच्या सुट्टीत सर आम्हा नववीच्या २२ मुलांना राजगडावर घेऊन गेले. अमावास्या मुद्दाम गाठली होती. पद्मावती माचीवर दोन रात्री मुक्काम आणि सोबत सरांनी जुन्या बाजारातून ६० रुपयांना आणलेली वीतभर दुर्बीण. ओढली की लांब होणारी, पितळी नळीला पोचे आलेली, जेमतेम दसपट मोठं दाखवणारी. तिला तिपाई नव्हती. तारा जवळ येतो तसा हाताचा कापही दसपट होतो, त्यात गडावरचा वारा. जो तो डोळा लावायचा आणि ओरडायचा, “सर, गुरू पळाला!”

शेवटी सरांनी मला पुढे उभं केलं. खांद्यावर मफलरची घडी, तिच्यावर दुर्बीण, मागे बघणारा गुडघ्यांवर. “मी म्हणेन तेव्हा श्वास धर,” सर म्हणाले. २१ जणांनी माझ्या खांद्यावरून गुरूचे चंद्र पाहिले. खांदा बधिर झाला होता. सगळे पिठलं-भाताकडे पळाले, मीही निघालो, तर सरांनी हाक मारली. दुर्बीण माझ्या हातात दिली, स्वतः पाठमोरे खाली बसले आणि म्हणाले, “टेकव.”

त्यांच्या स्वेटरला चुलीच्या धुराचा वास होता. त्यांनी श्वास रोखलेला मला कळला. काळ्या गोलात गुरूचा पांढरा ठिपका आणि त्याच्या रेषेत सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके.

“सर, तीनच आहेत.”

“गॅलिलिओलाही ७ जानेवारी १६१०ला तीनच दिसले होते. वहीत काढून ठेव. उद्या परत बघ.”

दुसऱ्या रात्री ठिपक्यांनी जागा बदलल्या होत्या. का, ते सरांनी सांगितलं नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मला बघत बसू दिलं. ती वही माझ्याकडे आहे.

आज भोसरीत माझं मोजमापाची उपकरणं बनवणारं वर्कशॉप आहे. गच्चीवर ८ इंची दुर्बीण आहे, तिच्यातून शनीची कडी स्वच्छ दिसतात. पण शाळेच्या मैदानातून आम्ही नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकेचे सहा तारे मोजायचो, तिथून परवा मला तीनसुद्धा धड दिसले नाहीत. मैदानाभोवती केवढाले दिवे लावलेत! राजगडावरूनही आता ईशान्येला पुण्याचा उजेड दिसतो, याचं फार वाईट वाटतं.

समारंभ डिसेंबरात आहे. रात्री ९च्या सुमारास कृत्तिका डोक्यावर असतील. समितीला विनंती, तेवढा अर्धा तास मैदानावरचे दिवे बंद ठेवावेत. सर येणार आहेत असं कळलं. त्यांचा हात आता कापतो. ती दुर्बीण त्यांनी जपून ठेवली असेल तर घेऊन यावी. मी मफलर आणतो.