वरणाचं पाणी आणि वरण
नागपूरजवळच्या रामटेककडच्या गावांत धानाच्या रोवणीच्या दिवसांत दुपारी गेलं की घरी आई सापडतच नाही, ती बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलात वाकलेली असते अन् लेकरू आजीच्या मांडीवर. आणि लेकराला काय, कसं भरवायचं हे आम्ही समजावतो कोणाला, तर आईला, तेही अंगणवाडीत बोलावून! वाटी-चमचा ज्या हातात आहे त्या हाताशी आमचं बोलणंच होत नाही.

एका घरी आठ महिन्यांचं पोरगं, वजन दोन महिन्यांपासून जागच्या जागी. आईला सगळं पाठ होतं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं जेवण, दूध दोन वर्षांपर्यंत चालू. मग अडलं कुठे? एका दुपारी काहीच न सांगता नुसती आजीजवळ बसून राहिले. आजीने वरणाच्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, वरवरचं पाणी घेतलं, त्यात चार शितं टाकली, अन् गोड बोलत बोलत पूर्ण वाटी पाजली. "खाते न बाई मस्त, वाटी संपवते पूर्ण!" खोटं काहीच नव्हतं, वाटी खरंच संपली होती.

आजी त्याच्या डोळ्यांत बघत, घाई न करता भरवत होत्या, हे मी आधी सांगितलं, कारण ते फार मोलाचं आहे अन् कोणी त्यांना म्हणत नाही. मग म्हटलं आजी, आता गंजाच्या तळचं वरण काढा, त्यात भात बोटांनी कुस्करा, चमचाभर तेल टाका. चमचा वाकडा करून पाहिला, घास चमच्यालाच धरून राहिला. असं पाहिजे.

"एवढं घट्ट देलं तं पोटात गोळा होईन न त्याच्या."

लेकराच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे सात किलोच्या पोराला २०० मिलीच्या आसपास. ते पाण्यानेच भरलं तर डाळ कुठे जाईल? पोराने पहिले दोन घास थुंकले, मग चार घेतले, तेवढंच बस झालं त्या दिवशी.

प्रमाण सांगताना माझं एकच म्हणणं, घरातलीच वाटी घेऊन दाखवा. सहाव्या महिन्यानंतर २-३ चमच्यांपासून सुरुवात, मग आठ महिन्यांपर्यंत अर्धी वाटी २-३ वेळा, ९ ते ११ महिन्यांत ३-४ वेळा, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, पण हा हिशोब २५० मिलीच्या वाटीचा आहे अन् घरोघरीच्या वाट्या त्याहून लहान असतात.

आणि हो, मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री तापतं तेव्हा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजायचा मोह होतो, नका पाजू, आईच्या दुधात ८५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं, फक्त जास्त वेळा पाजा. चहात बुडवलेलं बिस्कीटही नको, चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, घरभेटी लेकराच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला असतात. त्यातली नवव्या महिन्याची तरी लेकराच्या जेवणाच्या वेळी व्हावी असं मला फार वाटतं.

पंधरा दिवसांनी परत गेले तर आजीने माझ्या आधीच चमचा वाकडा करून दाखवला, शेजारची आजीही नातीला घेऊन बसली होती. "बाई, अंडं केव्हापासून देऊ?"

आतापासूनच द्या म्हटलं, पूर्ण उकडून, कुस्करून.