समुद्राकडे पाठ करून

‘कोकणात एवढ्या फिरता, मग तुमच्या फोटोंत समुद्र कसा दिसत नाही?’ ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात, आता तुम्हीही विचारलंत. म्हणून एकदा नीट सांगते.

पहिलं कारण उजेडाचं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य पाण्यावर टेकला की सगळे कॅमेरे तिकडे वळतात. पण सूर्याच्या दिशेने फोटो काढला की मधला माणूस काळा पडतो. होडी दिसते, वल्हं दिसतं, वल्हवणाऱ्याचा चेहरा मात्र जातो. मला तोच हवा असतो. म्हणून ऐन सूर्यास्ताला मी समुद्राकडे पाठ करून उभी राहते. जो उजेड बघायला एवढी गर्दी जमते, तो माझ्या समोरच्या माणसांवर पडलेला असतो.

हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव याच सुमाराला रंगात येतो. बोटी काठाला लागत नाहीत, थोड्या आत पाण्यातच थांबतात. मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात, बैलांच्या पोटाला लाटा लागतात. मग वाळूत बांगड्याचे, कोळंबीचे ढीग पडतात, भोवती बायकांचं कोंडाळं होतं आणि पुकारणारा एका दमात आकडे चढवत नेतो. तिथली एक बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पदर कमरेला खोचलेला, डाव्या मुठीत ओल्या नोटा, मनगटापर्यंत चिकटलेले खवले त्या तिरप्या उन्हात चमकताहेत. बोली चढली की ती तोंडाने काही बोलायची नाही, नुसती हनुवटी उचलायची. तिच्या फोटोत मागे समुद्र नाही, बर्फाच्या लाद्यांचा टेम्पो आहे. पण त्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड समुद्रावरून आलेला आहे, आणि माझ्या लेखी तो समुद्राचाच फोटो आहे.

दुसरं कारण शहराचं. मी डोंबिवलीची, रोज लोकलने मुंबईला जाणारी. बायकांच्या डब्यात वर्षानुवर्षं तेच चेहरे हातभर अंतरावर असतात. कोणाची झोप झालेली नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे नुसतं बघून कळतं. चेहरा वाचायला मी तिथे शिकले. पण त्या डब्यात कॅमेरा काढत नाही. जिला तोंड फिरवायलाही जागा नाही, तिचा फोटो काढणं मला पटत नाही.

कोकणात कॅमेरा पिशवीतून निघायच्या आधीच चौकशी सुरू होते. ‘कुठल्या तुम्ही? कोणाकडे उतरलाव?’ डोंबिवली म्हटलं की लगेच कोणाचा तरी भाऊ दिव्याला निघतो, कोणाची लेक नालासोपाऱ्याला. हे नातं जुनं आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा परळ-लालबागच्या मनीऑर्डरीवर इकडची किती घरं चालत. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी मुंबईचं जाणंयेणं राहिलंच. या चौकशीला पंधरा-वीस मिनिटं गेली तरी मला ती गेलीशी वाटत नाहीत. तेवढ्यात समोरच्या माणसानेही मला बघून घेतलेलं असतं. नको असेल तर तो सरळ नको म्हणतो, आणि मी कॅमेरा आत ठेवते.

प्रवासाचंही विचारता, तर शक्यतो रेल्वेने जाते. कोकण रेल्वे १९९८पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण तिची वाट किनाऱ्यापासून आत, डोंगरांतून आहे. खेडला उतरून पुढे एसटीने दापोली, मग हर्णै. सवड असली तर दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला जाते. ही फेरीबोट मला फार आवडते. माणसं स्कूटरवरून, रिक्षांतून उतरून कठड्याशी येतात आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत कोणालाच काही काम नसतं. घाईत नसलेला माणूस एरवी मला कुठे भेटणार?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. लिलाव बघायचा तर ते दोन महिने टाळा. जाळी दुरुस्त करणारे हात बघायचे असतील तर मात्र तेव्हाच जा.

समुद्र अगदीच वर्ज्य आहे असंही नाही. हर्णैला एका मावशींनी मला बजावलं होतं, ‘माझा फोटो काढशील तर मागे दर्या पायजे, लेकीला मुंबईला पाठवायचाय.’ त्यांना म्हटलं, मग सकाळी या. सकाळी ऊन डोंगरावरून येतं. समुद्राकडे पाठ करून माणूस उभा राहिला की त्याचा चेहराही उजळतो आणि मागचं पाणीही निळं येतं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. त्या फोटोत समुद्र आहे. पण तो त्यांच्या लेकीसाठी काढलेला आहे, म्हणून तुम्हाला दाखवलेला नाही.